बोहनीचा रुपया

जीवराम नाना ही गोष्ट आता स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःची अजिबात गय करत नाहीत. दुसऱ्या कुणी सांगायला घेतली तर त्याला मधेच अडवतात, की बाबा रे, तू मला फार कमी मूर्ख दाखवतोयस, नीट सांग. तेव्हा आपणही नीटच सांगू.

नाना एसटीत तिकीट तपासनीस होते. धुळे, शिरपूर, साक्री या रस्त्यांवर हात दाखवून गाडी थांबवायची, आत चढायचं आणि समोरचा प्रवासी खोटं बोलतोय असं धरून चालायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होऊन सोनगीरला घरी बसल्यावर तपासायला कुणी उरलं नाही. बायकोला, म्हणजे ताईबाईंना, तपासण्याची नानांची हिंमत नव्हती. मग हातात स्मार्टफोन आला आणि नानांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. अख्खं जगच विनातिकीट प्रवास करत होतं. येणारा प्रत्येक मेसेज ते संशयाने बघत, प्रत्येक अनोळखी नंबर बायकोच्या माहेरचा असला तरी ब्लॉक करत, आणि पेपरातलं तंत्रज्ञानाचं पान कात्रीने कापून उशाखाली ठेवत.

संध्याकाळी पारावर नानांची मतं ऐकायला मिळत. बिटकॉइनबद्दल त्यांचं म्हणणं असं, की जे दिसत नाही, वाजत नाही आणि हरवलं तर पोलीस पाटलाला सांगता येत नाही, त्याला पैसा म्हणू नये. सरकारचा डिजिटल रुपया म्हणजे काय, हे त्यांनी एकदा तासभर समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांना आधी जेवढं कळत होतं तेवढंही नंतर कळेनासं झालं, आणि खरं सांगायचं तर नानांनाही. नोटाबंदीच्या वेळी दोन हजारांच्या नोटेत चिप असते आणि जमिनीत पुरली तरी ती दिल्लीशी बोलते, हे सोनगीरमध्ये छातीठोकपणे सांगणारे पहिले नानाच. ती नोट आली, गेली, चिप काही बोलली नाही. नानांचं बोलणं मात्र थांबलं नाही.

त्यांची मुलगी दिपमाला जळगावला दिलेली. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा तिने वडिलांच्या फोनमध्ये पैसे पाठवायचं ॲप बसवून दिलं, कसं वापरायचं ते दोनदा करून दाखवलं. ती जळगावच्या गाडीत बसली आणि नानांनी घरी येऊन ते ॲप काढून टाकलं. वर फोन ओल्या फडक्याने पुसून घेतला, जंतू राहायला नकोत म्हणून. हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

दिपमाला घरच्या घरी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, ज्वारीचे पापडासारखे बिबडे आणि काळा मसाला करून विकायची. यंदा तिने जळगावातल्याच पिंप्राळ्यात एक छोटा गाळा घेतला. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी मत दिलं, की आता लोक फोनवरून शिजलेलं जेवण मागवतात, पीठ कोण विकत घेतंय. मत देऊन झाल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तिने आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरला. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. यंदा लेक येऊ शकत नव्हती म्हणून ताईबाईच दोन लुगडी पिशवीत घालून जळगावला निघून गेल्या. नानांनीही यावं असं मायलेकींचं म्हणणं होतं. पण नानांना त्याच सकाळी एक महत्त्वाचं काम होतं. त्यांचं व्याख्यान होतं.

आखाजीच्या दिवशी व्याख्यान कोण ठेवतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्याचं कारण पत्ते. आखाजीला आमच्याकडे पत्ते कुटायला कुणी नाव ठेवत नाही, बाप आणि मुलगा एकाच डावात बसतात. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभागृहात त्या दिवशी सकाळपासून सतरंज्या पडतात. सभागृहाच्या किल्ल्या नानांकडे होत्या, आणि त्यांनी अट घातली, की आधी ‘ऑनलाइन सुरक्षा आणि आपण’ हे व्याख्यान, मग पत्ते. त्यामुळे त्या सकाळी नानांना जन्मात मिळाली नसती एवढी गर्दी मिळाली. पहिल्या रांगेत पुना आप्पा बसले होते, नानांचे शाळेपासूनचे मित्र, हातात पत्त्यांचा नवा कॅट, अजून न फोडलेला.

नानांनी माइकवरून सुरुवात केली. लिंक, ओटीपी, वीजबिलाचा खोटा मेसेज, सगळं घेतलं. मग खिशातून त्या आठवड्याचं कात्रण काढलं. आता यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतं, ठग तुमच्याच मुलाच्या आवाजात फोन करून पैसे मागतात, अशी बातमी होती. उपायही दिला होता: समोरच्याला असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त घरच्या माणसाला माहीत असेल. लोक प्रथमच सावरून बसले. आणि बरोब्बर त्याच वेळी नानांचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

दुसऱ्या कुणी फोन बंद केला असता. नानांना वाटलं, देवानेच प्रात्यक्षिकाची सोय केली. त्यांनी फोन उचलला, स्पीकर चालू केला आणि माइकसमोर धरला.

“नाना, मी दिपा बोलस. हाऊ दुकानना नवा नंबर शे,” सभागृहभर आवाज घुमला. “मुहूर्त व्हई ऱ्हायना. तठून एक रुपया धाडी द्या. पयला रुपया तुमना हातना, मंग मी बोहनी करस.”

सभागृहात कुजबुज झाली. नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माइक झाकायचं सोडून माइकमध्येच म्हणाले, की मंडळी, ऐका, आवाज अगदी माझ्या मुलीचा आहे. हेच ते. आणि रक्कम बघा, एक रुपया. आधी एक रुपया मागतात, मग खातं धुऊन नेतात. हे सगळं ती पलीकडून ऐकत होती.

“नाना?” ती म्हणाली. “मी शे ना. दिपा.”

नानांनी शुद्ध मराठीत विचारलं, की आपली जन्मतारीख सांगा. तिने सांगितली. नाना सभेकडे वळून म्हणाले की ही आधारवर असते, चोरांकडे सगळ्यांची असते. मग घरच्या गाईचं नाव विचारलं. तिने तेही सांगितलं. त्यावर नाना म्हणाले की गाईचा फोटो फेसबुकवर आहे. मग मागून कुणीतरी ओरडलं, की नाना, असं विचारा जे फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक.

नाना विचार करू लागले. इथे ते गोष्ट सांगताना नेहमी थांबतात. तुम्ही करून बघा, म्हणतात, लेकीबद्दल असं एक काही आठवा जे फक्त तुम्हाला माहीत आहे. नानांना आठवेना. ती लहान होती तेव्हा ते रस्त्यावर, ती मोठी झाली तेव्हा ती वसतिगृहात. लोक वाट बघत होते. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, की तुझा आवडता पदार्थ कोणता.

“शेवनी भाजी,” ती म्हणाली.

“चूक!” नाना माइकमध्ये गरजले. “माझ्या मुलीला पुरणपोळी आवडते.”

टाळ्या पडल्या. पुरणपोळी कुणाला आवडते हे नानांना नंतर, बसमध्ये, आठवलं. ती त्यांना स्वतःला आवडते. ते घरी आले की पुरण शिजे, आणि मुलगी खाई, म्हणून त्यांनी धरून ठेवलं होतं.

टाळ्या संपल्या. मग ती अगदी सावकाश म्हणाली, “मंग एक मी इचारस. मना दुकाननं नाव काय शे?”

सगळं सभागृह नानांकडे बघू लागलं. दुकानाचं नाव नानांनी कधी विचारलंच नव्हतं. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. ते म्हणाले, की पाहिलंत, असंच उलटं विचारून हे लोक आपल्याकडून माहिती काढून घेतात, कधीही उत्तर द्यायचं नाही. फोन कापला आणि सगळ्यांदेखत नंबर ब्लॉक करून दाखवला. पुन्हा टाळ्या. व्याख्यान संपलं, सतरंज्या पसरल्या, आणि जो तो नानांच्या पाठीवर थाप मारून आपापल्या डावाला गेला.

पुना आप्पांनी कॅट फोडला नव्हता.

“नाना,” ते जवळ येऊन म्हणाले, “ती दिपाच व्हती. मांगे वहिनी बोली ऱ्हायनी व्हती. माले ऐकू उनं.”

नाना म्हणाले की यंत्र मागचे आवाजही घालतं. हे ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. हा नंबर ताईबाईंचा, पाठ असलेला. नाना कोपऱ्यात गेले. या वेळी स्पीकर चालू केला नाही.

ताईबाई ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी सांगितलं, की पूजा झाली, नारळ फुटला, दारात गिऱ्हाईक उभं आहे. भूषण, म्हणजे जावई, म्हणतो की घ्या पैसे, करा सुरुवात. पण पोरीने त्या पैसे घ्यायच्या चौकोनी चित्राच्या पाटीवर रुमाल टाकून ठेवलाय. म्हणते, पहिला रुपया नानांचा, मगच बाकीच्यांचा. दिवाळीत एवढ्यासाठीच तर शिकवून आले होते, म्हणते.

“तुमले एक रुपया जड व्हयना का?” ताईबाईंनी विचारलं आणि फोन ठेवला.

रुपया जड नव्हता. रुपया पाठवता येत नव्हता. ऑनलाइन सुरक्षेवर नुकतंच व्याख्यान दिलेल्या माणसाच्या फोनमध्ये रुपया पाठवायची सोयच नव्हती. पुना आप्पा म्हणाले की मी धाडतो माझ्या फोनवरून, क्षणात जाईल. नाना हो म्हणणार होते, पण लगेच लक्षात आलं की मग तो रुपया पुनाचा होईल. पोरीने पुनाचा रुपया मागितला नव्हता. त्यांनी पुना आप्पांच्या हातात सभागृहाच्या किल्ल्या दिल्या आणि तसेच, व्याख्यानाच्या कडक सदऱ्यात, हायवेवर येऊन उभे राहिले.

धुळ्याला गाडी बदलली. जळगावच्या बसमध्ये वाहकाने ज्येष्ठ नागरिक म्हणून ओळखपत्र मागितलं. ते घरी राहिलं होतं. नानांनी सांगितलं की मी याच खात्यात तपासनीस होतो. वाहक नम्रपणे म्हणाला, की काका, असं रोज कुणीतरी सांगतं. नानांनी पूर्ण तिकीट काढलं. वाद घातला नाही. आपणही याला हेच म्हणालो असतो, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पारोळा मागे पडल्यावर त्यांनी फोन काढला. दिपाच्या जुन्या नंबरवरून महिनाभर फोटो येत होते. नानांनी एकही उघडला नव्हता, कारण फोटोतून व्हायरस येतो अशी बातमी त्यांच्या उशाखाली होती. सगळे धुरकट चौकोन, मधोमध बाण. नानांनी पहिल्या बाणावर बोट ठेवलं. रिकामा गाळा, दारात झाडू घेतलेली दिपा. मग भिंतीला रंग लावणारा भूषण. मग फळ्या. मग पाटी रंगवणारा माणूस, शिडीवर. मग पाटी पूर्ण झालेली: ‘दिपमाला कळणा-मसाला केंद्र’. खाली तिने लिहिलं होतं, नाना, अक्षर कसं वाटतं? पुढच्या फोटोखाली, नाना, रंग भडक झाला का? त्याच्या पुढच्याखाली काहीच लिहिलं नव्हतं. नानांनी खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांना लाज वाटली, साधी, सरळ लाज, आणि तिला लपवायला हातात कात्रणही नव्हतं.

पिंप्राळ्याला पोचेस्तोवर दुपार कलली होती. दुकान चालू होतं. पैसे घ्यायच्या पाटीवर रुमाल नव्हता. दोन बाया मसाला घेत होत्या आणि काउंटरवरचं छोटं यंत्र आलेली रक्कम बोलून दाखवत होतं. नाना पायरीखाली उन्हात उभे राहिले. दिपाने त्यांना पाहिलं, हातातलं गिऱ्हाईक पूर्ण केलं, मग माठातलं पाणी आणून दिलं.

नानांनीच विचारलं, की बोहनी झाली का. ती म्हणाली झाली. मुहूर्त सरेपर्यंत थांबली होती, दारातलं गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. मग शेजारच्या गल्लीतली एक बाई आली, घरी आखाजीला लेकीजावई आलेले, पीठ संपलेलं, तिलाही परत कसं पाठवणार.

नानांनी मान हलवली. बरोबरच केलंस, म्हणाले. आपण दिलेली सगळी मतं त्यांना आठवली, एकही कामाचं नव्हतं. शेवटी म्हणाले, “दिपा, मनं चुकनं.”

दिपा वजनाच्या काट्यावर पडलेलं पीठ पुसत राहिली. तिला राग होता, तो तिने झाकला नाही. मग वर न बघताच म्हणाली, “बोहनी काय एकच डाव व्हस का नाना? रोज सकायले व्हस.”

त्या दिवशी नाना सोनगीरला परतले नाहीत. रात्री शेवभाजी होती. ती त्यांनी मागून घेतली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी.

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी नाना पायरीवर हजर होते. एक रुपयाचं नाणं त्यांनी सुरक्षित ठेवलं होतं. सुरक्षित म्हणजे रुमालात बांधून, रुमालाला निरगाठ मारून, तो बंडीच्या चोरखिशात घालून, वर सेफ्टी पिन लावून. दिपाने शटर उघडलं, उदबत्ती फिरवली, काउंटरवर हात जोडले. नाना पुढे झाले आणि पिन काढू लागले. पिन निघेना.

तेवढ्यात स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले. अर्धा किलो कळणा मागितला, आणि दिपा पुडा उचलेपर्यंत खिशातून फोन काढून तो पाटीसमोर धरलाही. नानांची पिन निघाली होती, पण गाठ सुटत नव्हती. त्यांनी दात लावले. ताईबाई आतून बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते नानांनी बघायचं टाळलं. गृहस्थ फोनवर आकडे दाबत होते.

दिपाने हात पुढे करून पाटी तळव्याने झाकली.

“काका, दोन मिनिटं,” ती म्हणाली. “पहिले माझे वडील.”

गृहस्थांनी नानांकडे पाहिलं. तोंडात रुमाल धरलेला, सदऱ्याची बटणं उघडी, घामाघूम म्हातारा. ते हसले, फोन खाली घेतला आणि बाजूला सरकून उभे राहिले. हे कशावरून तुझे वडील, असं त्यांनी विचारलं नाही. दिपानेही काल नानांनी विचारलं तसं काही विचारलं नाही.

नानांना रडू आलं. ते म्हणतात की ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि मग स्वतःच कबूल करतात की सकाळी त्या बाजूला ऊन नसतं. गाठ एकदम सुटली आणि नाणं खाली पडून काउंटरखाली गेलं. दिपा गुडघ्यांवर बसली, हात लांब करून ते काढलं, आणि तिथेच, जमिनीवर बसल्याबसल्या, कपाळाला लावलं.

गृहस्थ अजून थांबलेच होते.